बोलावून आणलेला कावळा

वहिनी, कावळा शिवला. तुला एवढं तर कळलंच असेल, कारण घाटावरून घरी आल्यापासून जो तो फोनवर तेवढंच सांगतोय. "शिवला, शिवला. समाधानानं गेली." कसा शिवला, ते मात्र कोणी बोलत नाही. म्हणून मी लिहायला बसले. तुझी नणंदच आहे मी, चहाडी करायचा पहिला हक्क माझा.

आधी तुझ्या फोटोचं सांगते. तू गेलीस त्या दुपारीच सगळ्यांच्या स्टेटसला लागलीस. भोवती झेंडूच्या फुलांची चौकट, खाली दोन समया, आणि त्या समयांच्या ज्योती हलतात. फोटो कुठला, तर सचिनच्या बहिणीच्या लग्नातला, जांभळ्या शालूतला, ज्यात तू अर्धवट डोळे मिटून कोणाला तरी "जेवून घ्या" म्हणत होतीस. खरं तर तो आपल्या दोघींचा होता. मला कापून टाकलं, पण तुझ्या खांद्यावरचा माझा हात तेवढा राहून गेला. चार बोटं आणि माझी अंगठी. लोक त्याखाली हात जोडत होते, आणि माझी बोटं तशीच तुझ्या खांद्यावर. तू असतीस तर पहिला प्रश्न तोच विचारला असतास, "मला इच्यारलं का?"

सचिन म्हणजे आमच्या चुलतभावाचा मुलगा, अडीनडीला पहिला धावणारा, तुझा लाडका. त्यानंच सगळी धावपळ केली. सरणाजवळ मात्र त्यानं फोन वर धरला, परदेशातल्या मंडळींना दिसावं म्हणून. मी जाऊन फोनवर तळहात ठेवला. "आत्या, त्यांना बी शेवटचं बघू दे की," तो म्हणाला. मी म्हटलं, "त्यांनी बघितलं नाही तरी ती जळणारच आहे." फार वाईट बोलले मी. तो रडत होता बिचारा, आणि रडतानाही त्याचा हात कॅमेऱ्याच्या बटणावरच होता. आपली माणसं अशीच झाली आहेत, वहिनी. वाईट कोणीच नाही.

"मला इच्यारलं का" हा तुझा प्रश्न कुठून आला, ते या घरात फक्त मला ठाऊक आहे. तो अजिंठ्याहून आला. गावातलं तुमचं घर लेण्यांच्या रस्त्याला. तू लहान, अंगात फाटका फ्रॉक, कडेवर शेळीचं करडू. पाहुण्यांची एक बस थांबली, एक गोरा माणूस उतरला, तुझा फोटो काढला, हातावर गोळी ठेवली आणि बस निघून गेली. तो फोटो तू कधी बघितला नाहीस. लग्न होऊन या घरात आल्यावर कधीतरी गच्चीवर पापड वाळत घालताना तू मला हे सांगितलंस. "लई दिवसांनी कळलं, वन्सं. गोळी चघळू चघळू संपली, पन त्यानं नेलेलं काय परत आलं नाय. कुठल्या तरी देशात, कुठल्या तरी कपाटात मी अजून शेंबडी उभी हाय. मेले तरी तिथं उभीच राहनार."

तेव्हा मी पोट धरून हसले होते. आता वाटतं, बरं झालं. त्या कपाटात तरी तू आहेस.

त्याच दिवशी तू मला म्हणालीस की आपण एका वयाच्या, मला अगं म्हणा. मी लगेच तू वर आले, तू मात्र शेवटपर्यंत "वन्सं, तुमी" सोडलं नाहीस. मी वरच्या मजल्यावर, तुम्ही खाली. पुंडलिकनगरातल्या बायकांना याचं फार नवल. बिनलग्नाची नणंद डोक्यावर आणि तरी भांडण नाही? भांडण होतं की. रोज होतं. फक्त ते भांड्याकुंड्यांवरून नव्हतं, म्हणून शेजारी ऐकू जायचं नाही.

एकदा तू मला लेणी दाखवायला घेऊन गेलीस. माहेर मिरवण्याचा दिवस तुझा. आत शिरताना पहारेकरी म्हणाला, जास्त वेळ थांबू नका, माणसांच्या श्वासानं चित्रं खराब होतात. झालं. तू आत जाऊन श्वासच रोखलास. मी आपली भिंतीवरचे डोळे, मोत्यांच्या माळा बघतेय, आणि शेजारी तू लालबुंद, गाल फुगवून उभी. मला वाटलं आता ही पडते. ओढत बाहेर आणलं तुला आणि उन्हात विचारलं, "अगं येडे, एवढी माणसं आत श्वास सोडतायत, तुझ्या एकटीच्या रोखण्यानं काय होणार आहे?" तू नुसती धापा टाकत होतीस. उत्तर द्यायला तुझ्याकडे श्वासच नव्हता.

हाच प्रश्न मी तुला पुढं जन्मभर विचारत राहिले.

तू काही संत नव्हतीस, हेही लिहून ठेवते. नाही तर दादा आता तुला हळूहळू देव्हाऱ्यात बसवेल. संध्याकाळची मालिका सुरू झाली की तू त्यातल्या सासूला अशा शिव्या घालायचीस की रस्त्यानं जाणारा भाजीवाला थबकायचा. फोन हातात आला तेव्हा तर तू त्यात बुडालीसच. विहिरीत पडलेली मांजरीची पिल्लं, नाल्यात अडकलेलं कुत्र्याचं पोर, कोणीतरी वाचवतं, पुसतं, दूध पाजतं. तू ते बघून डोळे पुसायचीस आणि मलाही बघायला लावायचीस. मग अनिकेत सुट्टीला आला आणि त्यानं सहज तुला सांगितलं, "आई, यातले कितीतरी व्हिडिओ बनवलेले असतात. तेच लोक पिल्लाला आधी विहिरीत टाकतात आणि मग वाचवतात. लोकं बघतात म्हणून."

तू त्या दिवशी जेवली नाहीस. मला वाटलं, पिल्लांचं वाईट वाटलं असेल. तू म्हणालीस, "पिल्लांचं तर हायेच. पन वन्सं, लोकं बघतेत म्हनून टाकतेत. ती लोकं म्हंजे मीच की. मी इथं पदरानं डोळे पुसायले, आन तिथं माझ्यापायी त्यो मानूस पिल्लू उचलायलाय."

मी तुझी समजूत घातली. म्हटलं, लाखो बघतात, त्यात तू एक, तू बंद केलंस तर त्याला पत्ताही लागणार नाही. तू ऐकून घेतलंस. त्यानंतर तसला व्हिडिओ समोर आला की तू फोन उपडा ठेवायचीस आणि वर बोट ठेवून बसायचीस, जणू खालून काहीतरी बाहेर येईल.

पाखरांचं वेड आपल्याला लागलं ते माझ्या शाळेमुळे. मुलींच्या निसर्गसहलीला सोबत बाई हवी म्हणून मी तुला नेलं, आणि शाळेच्या कपाटातली दुर्बीण तुझ्या गळ्यात अडकवली. डाव्या काचेवर बुरशी, त्यामुळे अर्धं जग धुकट. पुढं मी निवृत्त झाले तेव्हा शाळेनं ती दुर्बीण मला देऊन टाकली, कोणालाच नको होती म्हणून. मग आपलं ठरून गेलं. सकाळी हिमायतबाग, कधी बसनं खुलताबाद. दादा म्हणायचा, "चालल्या दोघी येड्या, पाखरं हुडकायला. घरात एक पाखरू चहाची वाट बघतंय, त्याचं काय?" तू म्हणायचीस, "त्या पाखराला हातपाय हायेत."

धनेश बघितला, कोतवाल बघितला, एकदा भर दुपारी घुबड बघितलं. राहिला तो नवरंग. आखूड शेपटीचा, मुठीएवढा. पाठ हिरवी, पंखावर निळं, पोटाखाली लाल, डोळ्यावर काळी पट्टी. पावसाळ्याच्या तोंडाशी खुलताबादच्या मागच्या झाडीत येतो, पाचोळ्यात किडे उकरत फिरतो, आणि दिसत म्हणून नाही. नुसती दोन सुरांची शीळ ऐकू येते. वर्षानुवर्षं आपण शीळ ऐकून परत आलो. तू म्हणायचीस, "आवाज तर ओळखीचा झाला, आता तोंड कधी दाखवतो बघू."

मग गेल्या वर्षीचा मृग. तीच टेकडी, तेच करवंदीचं जाळं, आणि शीळ अगदी जवळून. आपण दगडावर टेकलो. तेवढ्यात तो मोठ्या लेन्सचा माणूस आला, आपल्या पाखरांच्या ग्रुपमधला. भला माणूस, आपल्याला पाणी दिलं. म्हणाला, "काकू, अशी वाट बघून नाही यायचा तो. माझ्या मोबाईलमध्ये त्याचा कॉल आहे, शीळ भरून ठेवलेली. लावला की एका मिनिटात बाहेर. त्याला वाटतं दुसरा नर घुसला." तू हात जोडलेस. "नको दादा. त्याचं घरटं असंल हितं. त्यो भांडायला येईल, आन समोर कोनी नसंल. हुडकीत बसंल बिचारा." तो हसला, "तुमची मर्जी," म्हणाला आणि वरच्या अंगाला गेला. थोड्या वेळानं वरून फोनची शीळ ऐकू आली. मग खऱ्या पाखराची. मग दोन्ही.

मी उठले. म्हटलं, चल, आता तर त्यानं लावलंच आहे. तू जागची हलली नाहीस. "व्हय, लावलंय त्यानं. पन मंग बघनारी मी असीन ना?"

बसमध्ये आपण जे भांडलो, ते वहिनी, मी अजून मागे घेतलेलं नाही. मी म्हटलं, तो माणूस कॉल लावणारच होता. पाखराला त्रास व्हायचा तो झालाच. तू बघितलं असतंस तर त्या त्रासात गुंजभर भर पडली नसती, आणि नाही बघितलंस म्हणून गुंजभर कमीही झाला नाही. मग तुझ्या न बघण्यानं त्या पाखराचं काय भलं झालं? तू खिडकीबाहेर बघत होतीस. मला वाटलं, निरुत्तर झाली. उतरताना म्हणालीस, "हाय माझ्यापाशी उत्तर, वन्सं. पन आज नाय. नवरंग दिसला की सांगते." मी म्हटलं, म्हणजे कधीच नाही. तू हसलीस.

यंदा रोहिण्या लागल्या आणि तू गेलीस. दवाखान्यात नेईपर्यंतसुद्धा थांबली नाहीस. आल्यागेल्याला "बसा, चहा घ्या" म्हणणारी बाई स्वतः अशी न सांगता उठून जाते, याचा मला राग आहे. तो मी तुझ्यापासून लपवणार नाही.

आता घाट.

दहाव्याला आम्ही गोदावरीवर टोक्याला गेलो. बायकांनी यायचं नसतं, असं कोणीतरी पुटपुटलं. दादा म्हणाला, "ती येणार." अनिकेतनं सगळं केलं, गुरुजींनी सांगितलं तसं. नदीला पाणी कमी, काठावर हिरवट डबकी. पिंड ठेवला, आम्ही सगळे मागे सरलो. समोरच्या लिंबावर कावळे होते. एक खाली उतरलासुद्धा. पिंडाकडे मान तिरकी करून बघितलं आणि परत वर जाऊन बसला.

गुरुजी म्हणाले, "काही राहिलं असेल मनात. शब्द द्या." अनिकेत पुढं झाला, "आई, बाबांना एकटं ठेवणार नाही. इकडंच बदली मागतो." कावळा हलला नाही. दादा पुढं झाला. "अगं, गोळ्या घेईन मी वेळेवर. तुझ्या कुंड्यांना पाणी घालीन." कावळा हलला नाही. मग दादा जे काय काय कबूल करत गेला, वहिनी, ते ऐकवत नव्हतं. सिगारेट तर त्यानं केव्हाच सोडली होती, ती पुन्हा सोडली. तुझ्या माहेरी वर्षातून दोनदा जाईन म्हणाला. शेवटी त्याचे शब्द संपले आणि तो नुसताच हात जोडून उभा राहिला. ऊन चढलं होतं. सकाळपासून त्याच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. "माझ्यावर रागावून गेली का ती?" त्यानं मला विचारलं, लहान मुलासारखं.

गुरुजी मायाळू होते. म्हणाले, "असं होतं हल्ली. कावळ्यांची पोटं भरलेली असतात. शास्त्रात सोय आहे, दर्भाचा कावळा करतो आणि तो शिववतो." दादानं मान हलवली. "नको. खोटा कावळा नको तिला."

तेव्हा सचिन म्हणाला, "काका, एक मिनिट थांबा," आणि गाडीकडे पळाला. येताना त्याच्या हातात तो डब्याएवढा स्पीकर होता, सहलीला गाणी लावायचा. मला आधी कळलंच नाही. मग त्यानं फोनवर शोधायला सुरुवात केली आणि मला कळलं.

मी त्याचा हात धरला. "सचिन, नको. हिच्यासाठी तर नकोच नको. तू तिला ओळखत नव्हतास का?"

"आत्या, काकाचं तोंड तर बघ," तो म्हणाला. त्याचे डोळे भरलेले. "मी काय पाप करायलो का? सगळेच लावतेत आता."

मी दादाकडे बघितलं. ओठांना पांढरे चिरे पडले होते. तो लिंबाच्या झाडाकडे असा बघत होता की तू त्या फांदीवरच बसलेली आहेस आणि त्याच्याकडे पाठ केली आहेस. मी सचिनचा हात सोडला. अजूनही दादाचं ते तोंड समोर आलं तर मी पुन्हा सोडीन.

पण सोडण्याआधी मी घाईघाईनं मनातल्या मनात माझा शब्द दिला. तो कोणालाच सुचणार नव्हता. वहिनी, मी म्हटलं, तुझा नवरंग मी बघून येईन. न बोलावता येईल तसा. बघून आले की तुला सांगीन आणि तुझं उत्तर माझं मी शोधीन. जा आता.

माझा शब्द संपला आणि स्पीकरमधून काव काव सुरू झालं. मधे श्वास घेण्याइतकीही जागा नव्हती. लिंबावरचे कावळे उठले, पलीकडच्या काठावरचे उठले, कुठून कुठून आले आणि डोक्यावर घिरट्या घालायला लागले. त्यातला एक उतरला, इकडं तिकडं बघितलं आणि पिंडाला चोच लावून गेला.

सगळे रडले. दादा मटकन खाली बसला. "गेली," म्हणाला, "समाधानानं गेली." अनिकेतनं त्याला पाणी पाजलं. सचिननं स्पीकर बंद करून पाठीमागे लपवला, चोरी केल्यासारखा.

तुझ्याबरोबर इतकी वर्षं कान लावून बसले, त्याची शिक्षा मला एकटीला मिळाली. तो आवाज जेवायला बोलावणाऱ्या कावळ्याचा नव्हता. तो संकटात सापडलेल्या कावळ्याचा होता. हिमायतबागेत मांजराच्या तोंडात कावळ्याचं पिल्लू होतं, तेव्हा आपण ऐकला होता तोच. ते पिंडाला आले नव्हते, वहिनी. आपल्यातलं कोणीतरी मरतंय म्हणून ते धावत आले होते, आणि त्यांना तिथं कोणी सापडलं नाही. सापडला तो भात.

परतताना गाडीत दादा म्हणाला, "कावळा तर खरा होता ना." मी म्हटलं, "हो, कावळा खरा होता." दर्भाचा कावळा निदान आपण खोटा आहे हे लपवत नाही, असं माझ्या ओठावर आलं होतं. गिळलं. त्या रात्री तो जेवला आणि झोपला. मी त्याला कधीच काही सांगणार नाही. सचिनवरही माझा राग नाही. त्यानं फोनमध्ये जे होतं त्यातून काकाला वाचवलं. माझ्याकडे तर देण्यासारखं काहीच नव्हतं.

पण मला कसं कळणार, वहिनी? कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली म्हणतात, तशातली गत. तो माझ्या शब्दाला आला की स्पीकरला? तू ऐकलंस की नाही? बाकीचे सगळे तुला पोचवून मोकळे झाले. मी अजून घाटावरच उभी आहे.

मग मला वाटलं, एक वाट आहे. शब्द दिलाय तो पाळायचा. नवरंग आपणहून समोर आला तर समजायचं, तू ऐकलं होतंस. तू म्हणशील, वन्सं, तुमी शिकल्यासवरल्या, आन असले कौल लावायले? लावले. तुझ्यामागं मला विचारायला दुसरं कोण आहे?

काल मी एकटी खुलताबादला गेले. आर्द्रा लागल्यात, झाडी दाट झाली आहे. दुर्बीण गळ्यात होती, बुरशीची काच तशीच. बसमध्ये शेजारची जागा रिकामी होती तिथं मी पिशवी ठेवली, तर एक बाई म्हणाली, "कोनी हाय का हितं?" मी म्हटलं, नाही, बसा.

टेकडीवर आता पायवाट पडली आहे. गेल्या वर्षी नव्हती. ग्रुपवर कोणीतरी जागेचा नकाशाच टाकला होता. वाटेवर वेफर्सची पाकिटं, आपल्या दगडावर कोणाचं तरी नाव कोरलेलं. मी तिथंच बसले. फोन घरी ठेवून गेले होते मी, तुझ्यासाठी. बराच वेळ काही नाही. मग शीळ आली. दोन सुरांची. करवंदीच्या मागून, अगदी जवळून.

मी तुझं नाव घेतलं मोठ्यानं, आयुष्यात पहिल्यांदा, वहिनी नाही, नाव. आणि उठून त्या आवाजाच्या दिशेनं गेले, पाचोळा वाजू नये म्हणून चपला हातात घेऊन.

जाळीमागे फोन होता. दगडावर ठेवलेला, स्पीकरला जोडलेला. मागे चार-पाच जण जमिनीवर पालथे, लेन्स रोखून. तोच गेल्या वर्षीचा माणूस त्यांच्यात होता. त्यानं मला ओळखलं, हळूच हात केला. "काकू, या ना. आलाय तो. इकडून सरळ दिसतोय." फोन शीळ घालायचा. आणि दुसरी शीळ, खरी, जाळीच्या त्या बाजूनं उत्तर द्यायची. तीन पावलं टाकली असती तर मला दिसला असता.

फोन तर त्यांनी लावलेलाच होता. मी बघितल्यानं काही वाढणार नव्हतं. बसमधला माझा सगळा युक्तिवाद तिथं जशाच्या तसा उभा होता, आणि त्यात अजूनही मला कुठं भोक सापडत नाही. तरी मी मागे फिरले. तुझं पटलं म्हणून नाही, वहिनी, खोटं कशाला सांगू. बघून परत आल्यावर सांगायचं कोणाला, म्हणून.

आणि आता यापुढे मी कितीही मृग तिथं जाऊन बसले, तरी समोर आलेलं पाखरू आपणहून आलं की पलीकडच्या कोणाच्या फोनला आलं, हे मला कळायचं नाही. शब्द पाळायला जागाच उरली नाही. तुझं उत्तरही तुझ्याबरोबर गेलं. तसं काही उत्तर होतं की मला गप्प करायला तू थाप मारली होतीस, तेही आता कळायचं नाही.

खालच्या वळणापर्यंत मला तो ऐकू येत होता. एव्हाना त्यांनी फोन बंद केला असावा, कारण एकच शीळ उरली होती. तो बोलवत होता, थांबत होता, वाट बघत होता, पुन्हा बोलवत होता. समोर कोणी नव्हतंच, हे त्याला कळत नव्हतं.

मला कळतं, वहिनी. तरी हे सगळं तुला सांगत बसले आहे.